नीळ, निळीचें रसायन आणि चंपारणची रयत

हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासावरील बहुतेक ग्रंथांतून निळीचा शेवट एका वाक्यांत उरकलेला आढळतो. जर्मन रसायनवेत्त्यांनीं कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम नीळ तयार केली व त्यामुळें 1897 नंतर हिंदी नीळ बुडाली, एवढेंच तें वाक्य. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु शोध कधीं लागला, तो बाजारांत कधीं उतरला, आणि नीळ बुडाल्यावर तोटा नक्की कोणाच्या अंगावर पडला, हे तीन निरनिराळे प्रश्न त्या एका वाक्याखालीं झांकले जातात. रसायनाचा इतिहास लिहिणारे चंपारणपर्यंत येत नाहींत आणि चंपारणचा इतिहास लिहिणारे प्रयोगशाळेंत शिरत नाहींत. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. रसायन आम्हांस उतारवयांत वाचनानें जेवढें समजलें तेवढेंच. तथापि ह्या दोन टोकांना जोडणारें एक सूत्र आहे व तें धरून चालतां येतें असें वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत नीली, नीलिनी, रंजनी इत्यादि नांवें एकाच झाडास दिलेलीं आहेत. पाणिनीच्या तद्धितप्रकरणांत 'अमुक द्रव्यानें रंगविलेलें' ह्या अर्थाचे प्रत्यय सांगितले आहेत; तेथें नीली शब्दास स्वतंत्र प्रत्यय सांगणारें वार्तिक असून त्यानें 'नीलीनें रंगविलें तें नील' असें रूप सिद्ध होतें. म्हणजे वैयाकरणांच्या डोळ्यांपुढें निळें वस्त्र हें आधीं निळीचें वस्त्र होतें. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्काळीं वैश्यवृत्तीनें राहणाऱ्या ब्राह्मणानें जे जिन्नस विकूं नयेत त्यांच्या यादींत मद्य व लाख यांच्या जोडीला नीली आहे. ज्या वस्तूच्या विक्रीचा निषेध करावा लागतो तिचा बाजार भरत होता हें उघड आहे. पंचतंत्रांतील कोल्हा निळीच्या भांड्यांत पडून राजा होतो ती कथा मुलांनाही ठाऊक असते. तींत इतिहासास उपयोगी गोष्ट एवढीच कीं, रंगाऱ्याच्या घरीं कोल्हा बुडेल एवढें निळीचें भांडें असणें हें श्रोत्यांस नवलाचें वाटत नव्हतें.

परंतु ह्या सर्वांहून आम्हांस अधिक मार्मिक वाटतो तो साहित्यदर्पणांतील विश्वनाथाचा विभाग. नायकनायिकांच्या पूर्वरागाचे त्यानें तीन प्रकार केले आहेत. बाहेर फारसा झळकत नाहीं पण मनांतून जात नाहीं तो नीलीराग. झळकतो आणि उडून जातो तो कुसुंभराग. झळकतो आणि टिकतोही तो मंजिष्ठाराग. अलंकारशास्त्र्यानें परिभाषा उचलली ती रंगाऱ्याच्या दुकानांतून, आणि तीही अचूक उचलली. करडईच्या फुलांचा कुसुंबा उन्हांत विटतो, मंजिष्ठेचा तांबडा पक्का, आणि नीळ तर धुतां धुतां कापड फाटेल पण सुटणार नाहीं. हे तिन्ही रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रयोगशाळेपुढें हरले. मंजिष्ठवर्गांतील रंगाचें मूळ द्रव्य अलिझरीन हें ग्रेबे व लीबरमान यांनीं 1868 सालीं बर्लिन येथें डांबरापासून सिद्ध केलें. कुसुंब्याची जागा अनिलीनच्या भडक तांबड्यांनीं घेतली. नीळ मात्र सर्वांत शेवटीं हटली.

नीळ देशोदेशीं गेली ती देशाचें नांव घेऊन. पेरिप्लस ह्या ग्रीक नौकानयनग्रंथांत सिंधुमुखाजवळील बार्बरिकोन बंदरांतून निर्यात होणाऱ्या मालांत ती आहे. प्लिनी तिला 'इंडिकम' म्हणतो, व त्यावरूनच इंग्रजी 'इंडिगो'. अरबांनीं मात्र आपलाच शब्द घेतला आणि त्यास त्यांचें उपपद लावून 'अन्-नील' केलें. पोर्तुगीजांनीं त्याचें 'अनील' केलें. हा शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण तो पुढें फार विचित्र वाटेनें परत येणार आहे. आपल्या इकडे निळीचें रंगकाम करणाऱ्यांची निराळी नांवाची जातच होती, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत तिची नोंद आहे.

आतां वस्तूचा विचार. पुष्कळांची समजूत अशी कीं निळीच्या पाल्यांत निळा रंग असतो व तो पिळून काढतात. तसें नाहीं. हिरव्या पाल्यांत नीळ मुळींच नसते. असतें तें इंडिकन नांवाचें, शर्करेशीं बांधलेलें एक वर्णहीन द्रव्य. पाला हौदांत भिजत घातला म्हणजे तो आंबतो, त्यांतील बंध सुटतो व इंडॉक्सिल नांवाचें द्रव्य पाण्यांत उतरतें. मग तें पाणी दुसऱ्या हौदांत सोडून घुसळावयाचें; बिहारच्या कोठ्यांत मजूर कमरेइतक्या पाण्यांत उभे राहून तें लांकडी फळ्यांनीं बडवीत. हवा लागतांच पाणी हिरवें, मग निळें होतें आणि रंगाचा गाळ तळाशीं बसतो. तो उकळून, दाबून, वाळवून त्याच्या वड्या पाडावयाच्या. पुढें रंगारी तीच वडी पुन्हा पाण्यांत विरघळेल अशी करतो. त्यासाठीं तिच्यांतील रंग घालवावा लागतो. कापड पिंपांतून निघतें तेव्हां पिवळट हिरवें असतें आणि हवेंत धरल्यावर डोळ्यांदेखत निळें होतें.

सबब 'नैसर्गिक' व 'कृत्रिम' हा भेद येथें फार सांभाळून करावा लागतो. क्रियेनें निष्पन्न झालेलें तें कृत्रिम, असा त्या शब्दाचा व्याकरणसिद्ध अर्थ आहे. खोटें हा अर्थ मागाहून चिकटला. त्या मूळ अर्थानें बिहारच्या कोठींतली वडीही कृत्रिमच होती. लुडविग्सहाफेनच्या कारखान्यांत अखेरची पायरी हीच, म्हणजे इंडॉक्सिलास हवा देण्याची. दोन्हीकडे जें हातीं येतें तें द्रव्य एकच. फरक असलाच तर इतका कीं, कोठींतल्या वडींत शुद्ध रंगाचें प्रमाण दर हंगामास व दर कोठीस बदलत असे, त्याजबरोबर तांबूस इंडिरुबीन व इतर मळ येत असे, आणि कारखान्यांतली लाही दर वेळीं शेंकडा 20 ची म्हणून ठरलेली येई. गिरणीवाल्यास पाहिजे होतें तें हेंच. आज बाजारांत 'अस्सल' निळीची महती गाणारे कांहीं आढळतात, त्यांच्या सौंदर्यदृष्टीशीं आमचें भांडण नाहीं. परंतु 1897 चा निकाल सौंदर्यानें लागलेला नाहीं.

रसायनाची कथा खरी सुरू होते ती निळीला मोडण्यापासून. 1826 सालीं उन्फरडॉर्बेन यानें नीळ तापवून तिच्यापासून एक तेलकट द्रव निराळा काढला. 1834 सालीं रुंगे यास तसाच एक द्रव कोळशाच्या डांबरांत सांपडला. पुढें फ्रिट्शे यानें निळीवर दाहक क्षाराचा प्रयोग करून तोच द्रव मिळविला व पोर्तुगीज 'अनील' वरून त्यास अनिलीन असें नांव दिलें. झीनिन यानें 1842 सालीं तो आणखी एका वाटेनें, नायट्रोबेंझीनपासून केला. ह्या सर्वांचे द्रव निरनिराळ्या नांवांचे असले तरी वस्तु एकच, हें 1843 सालीं हॉफमान यानें दाखविलें. त्याच फ्रिट्शेनें निळीपासून दुसरें एक आम्ल काढलें, त्याचें नांव अँथ्रानिलिक आम्ल. पहिल्या अर्ध्यांत ग्रीक कोळसा आणि उत्तरार्धांत आमची नीळ. ज्या काळीं हीं नांवें पडलीं त्या काळीं नीळ जोडतां येईल असें कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. परंतु पुढें जे दोन रस्ते कारखान्यांस उपयोगी पडले त्यांतील एक अँथ्रानिलिक आम्लावरून जातो व दुसरा अनिलीनवरून. निळीचे तुकडे करतांना जे जिन्नस हातीं आले, निळीचेंच नांव घेऊन जगले, त्यांतूनच नीळ उभी राहिली. शब्दांच्या व्युत्पत्तींत आयुष्य घालविलेल्यास ही जोड फार आनंद देते, हें आम्ही लपवीत नाहीं.

1856 सालीं लंडनमध्यें हॉफमानचा अठरा वर्षांचा शिष्य पर्किन हा कोयनेल करावयास गेला आणि अनिलीनपासून जांभळा रंग करून बसला. तेव्हांपासून रंगांचा धंदा डांबराकडे वळला. ती कथा सर्वश्रुत असल्यामुळें येथें लांबवीत नाहीं. आडोल्फ बायर याची मात्र सांगितली पाहिजे. तेराव्या वाढदिवशीं मिळालेल्या दोन टालरांचा त्यानें निळीचा खडा विकत घेतला होता असें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. 1865 पासून तो निळीच्या घटनेच्या मागें लागला, 1880 सालीं सिनामिक आम्लापासून नीळ करण्याच्या रीतीचें त्यानें पेटंट घेतलें, आणि 1883 पर्यंत निळीच्या अणूंची रचना त्यानें उलगडली. 1905 चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें त्यांत ह्या कामाचा मोठा वांटा आहे.

म्हणजे 1880 सालीं नीळ प्रयोगशाळेंत सिद्ध होती. मग बंगाल-बिहारचा धंदा 1881 सालीं कां बुडाला नाहीं? लेखाच्या आरंभीं दिलेलें वाक्य ह्याच ठिकाणीं लंगडें पडतें. बाडिशे अनिलीन उंड सोडा फाब्रिक व हेक्स्ट ह्या कंपन्यांनीं बायरचे हक्क घेतले खरे, परंतु त्याच्या रीतीस मूळ जिन्नस टोल्युईन लागे, व डांबरांतून टोल्युईन निघतें तें बेताचें. जगाची नीळ करावयाची तर तें पुरणार नाहीं. शिवाय मधल्या एका पायरीवर अर्धाअधिक माल नको त्या रूपाचा होऊन वायां जाई. प्रयोगशाळेंत जी रीत 'सिद्ध', ती कारखान्यांत 'साध्य' असतेच असें नाहीं. सतरा वर्षें गेलीं तीं ह्या दोन शब्दांमधल्या अंतरांत.

1890 सालीं झुरिकच्या पॉलिटेक्निकमधील होइमान यानें दोन नव्या रीती काढल्या. पहिलींत अनिलीनपासून फेनिलग्लायसीन करून तें दाहक क्षाराबरोबर वितळवावयाचें. ही सोपी, पण उत्पन्न फार थोडें. दुसरींत आरंभ अँथ्रानिलिक आम्लापासून. आणि हें आम्ल करावयाचें नॅफ्थलीनपासून, म्हणजे ज्याच्या डांबरगोळ्या आपण लोंकरी कपड्यांत घालतों त्यापासून. नॅफ्थलीन डांबरांत मुबलक व कवडीमोल. अडचण होती ती पहिल्या पायरीची: नॅफ्थलीनचें थॅलिक द्रव्य स्वस्तांत कसें करावें. कारखान्यांतील झापर नांवाचा रसायनवेत्ता तीव्र गंधकाम्लाचा प्रयोग करीत असतां उष्णतामापक फुटून पारा आंत पडला व क्रिया एकदम वेगानें झाली, असें सर्वत्र सांगतात. गोष्ट चांगली असल्यामुळें ती फार वेळां सांगितली गेली आहे. पाऱ्याच्या साहाय्यानें ही क्रिया होऊं लागली हें निर्विवाद. परंतु असे मापक पुष्कळ प्रयोगशाळांत फुटले असतील, आणि फुटल्यावर काय झालें हें पाहणारा व तें पाहण्यासाठीं पगार मिळणारा मनुष्य तेथें होता हें आमच्या मतें अधिक महत्त्वाचें.

आणखी एक गोष्ट इतिहासकारानें नजरेआड करूं नये. नॅफ्थलीनच्या रीतीस गंधकाम्ल अतोनात लागे, व त्यांतून गंधकाचा धूर तितकाच निघे. तो धूर वायां न घालवितां पुन्हा आम्ल करण्याची रीत त्याच कारखान्यांतील क्नीट्श यानें बसविली. क्लोरीन लागे तें मिठाच्या पाण्यांतून विजेनें काढूं लागले. म्हणजे एका रंगासाठीं दोन-तीन नवे धंदे उभे करावे लागले. ह्या सर्वांवर 1897 पर्यंत कंपनीनें सुमारें 1 कोटि 80 लक्ष मार्क घातले, व त्या सालीं माल बाजारांत आला. 1900 सालीं बर्लिन येथें व्याख्यान देतांना कंपनीचा प्रमुख ब्रुंक यानें सांगितलें कीं, आपला कारखाना वर्षास जेवढी नीळ करतो तेवढी पिकविण्यास हिंदुस्थानांत अडीच लक्ष एकरांहून अधिक जमीन लागेल. पुढें 1901 सालीं फ्लेगर यानें होइमानची पहिली रीतही सोडामाइड नांवाच्या द्रव्यानें सुधारली, आणि हेक्स्ट कंपनीनें ती उचलली. आंकडे बोलके आहेत. 1897 सालीं वनस्पतीपासून होणारी नीळ सुमारें 19,000 टन होती. 1914 सालीं ती सुमारें 1,000 टनांवर आली.

निळवाल्यांनीं काय केलें? शंभर वर्षें जगाचा बाजार त्यांच्या हातीं होता. ह्या अवधींत त्यांनीं रसायनावर लक्ष घातल्याचें फारसें आढळत नाहीं. माल गाठीं येऊं लागल्यावर बिहारच्या निळवाल्यांच्या संघानें रॉसन नांवाचा रसायनवेत्ता आणिला. पुढें ब्लॉक्सम, बर्गथाइल इत्यादिकांनीं कामें केलीं. 1905 पासून पुसा येथील कृषिसंशोधनसंस्था उभी राहिली व जावा-नाताळ जातीच्या बियाण्याचे प्रयोग झाले. हीं माणसें कर्तबगार होतीं व त्यांचें काम हलकें लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु एका पक्षानें जें काम बाजार हातीं येण्यापूर्वीं सतरा वर्षें केलें तें दुसऱ्यानें बाजार गेल्यावर आरंभिलें. निळवाल्यास इतके दिवस शास्त्राची गरज कां भासली नाहीं, ह्याचें कारण त्याच्या हौदांत नसून जमिनीच्या करारांत आहे. आणि येथें आम्ही चंपारणकडे वळतों.

बंगालच्या रयतेनें 1859-60 सालीं निळीविरुद्ध जें बंड केलें त्याची हकीकत, दीनबंधु मित्रांचें 'नीलदर्पण' नाटक, त्याच्या इंग्रजी भाषांतरापायीं पाद्री लाँग यांस 1861 सालीं झालेली कैद व हजार रुपये दंड, हें सर्व वाचकांस विदित आहेच. त्या बंडानंतर निळीचा जोर बंगालमधून हटून बिहारांत राहिला. चंपारण जिल्ह्यांत बेतियाच्या राजाची जमीन गोऱ्या निळवाल्यांनीं पट्ट्यानें घेतलेली होती. ते रयतेचे जमीनदारही होते आणि तिच्या पिकाचे एकमेव गिऱ्हाईकही. वीस कठ्ठ्यांचा बिघा. त्यांतील तीन कठ्ठ्यांत, व तेही कोठीवाले दाखवितील त्या जमिनींत, नीळ पेरलीच पाहिजे. हीच तिनकठिया. पूर्वीं पांच कठ्ठे असत, ते मागाहून तीनांवर आले. मोबदला मालाच्या वजनावर नव्हे, तर बिघ्यामागें ठरलेला, आणि तो ठरविणार निळवाले. ज्यास कच्चा माल अशा भावानें मिळतो त्यास हौद सुधारण्याची तहान कशी लागावी? जर्मन कारखानदारास नॅफ्थलीन पैसे मोजून विकत घ्यावें लागे. म्हणून एकेका पायरीवर किती माल वायां जातो हें त्यास मोजावें लागलें. बिहारांत वायां जाई ती रयतेची मेहनत. तिचा जमाखर्च कोठीच्या वहींत येत नसे.

1897 नंतर भाव पडूं लागला आणि थोड्याच वर्षांत नीळ पेरणें निळवाल्यास परवडेनासें झालें. आतां न्यायानें काय व्हावें? ज्या सक्तीस रयत दोन पिढ्या कंटाळली होती, जी मोडण्यासाठीं बंगालनें बंड केलें, ती सक्ती लुडविग्सहाफेनच्या भट्ट्यांनीं कोणाचें रक्त न सांडतां निकामी केली. नीळ गेली हा रयतेचा तोटा नव्हता, सुटका होती. परंतु झालें तें असें.

1885 च्या बंगाल टेनन्सी ॲक्टाच्या 29 व्या कलमान्वयें रयतेचा खंड कराराने वाढवावयाचा तर रुपयास दोन आण्यांहून अधिक वाढवितां येत नसे. त्यास एक अपवाद होता. जमीनदाराच्या सोईसाठीं विशिष्ट पीक काढण्याच्या अटीवर रयतेस जमीन कमी खंडानें दिलेली असेल, आणि त्या अटींतून तिला मोकळें करावयाचें असेल, तर मोकळिकीच्या मोबदल्यांत दोन आण्यांची मर्यादा लागू नव्हती. निळवाल्यांच्या वकिलांनीं हा अपवाद हेरला. 'तुम्हांस निळीच्या अटींतून सोडतों, त्याबद्दल वाढीव खंड लिहून द्या' असे करार हजारोंनीं करून घेण्यांत आले. त्यासच शरहबेशी म्हणत. जी गांवें कायमच्या पट्ट्यानें निळवाल्याकडे होतीं तेथें ही युक्ति चालली, कारण वाढीव खंड कायमचा त्याच्याच पदरीं पडणार होता. मुदतीच्या पट्ट्याच्या गांवीं मुदत संपल्यावर ती वाढ बेतिया राजाच्या घरांत जाणार. म्हणून तेथें खंड वाढविण्याच्या भरीस न पडतां एकरकमी तावान घेतलें, बिघ्यास सुमारें 100 रुपयांच्या मानानें. रोख नसेल त्याच्याकडून व्याजी हँडनोट लिहून घेतली.

ह्या कागदांची मौज, म्हणावयाची तर, त्यांच्या वेळेंत आहे. निळीस भाव होता तोंवर अट सोडण्याची गोष्ट कोणी काढली नाहीं. अट निरुपयोगी झाल्यावर ती विकावयास काढली, आणि ती रयतेसच विकली. ज्या ओझ्याखालून मालक स्वतःच निसटूं पाहत होता त्यांतून सोडविल्याचा मोबदला त्यानें रयतेकडून घेतला. जर्मनीनें निळवाल्यास दिलेला फटका असा रूपांतर पावून तीन कठ्ठ्यांच्या धन्याच्या पाठीवर उतरला. हें रूपांतरही एक प्रकारचें रसायनच म्हणावयाचें, आणि त्याचा शोध पाटण्याच्या वकिलांस लागला कीं मोतीहारीच्या कोठीवाल्यांस, हा वाद आम्ही करीत नाहीं.

1914 सालीं महायुद्ध सुरू होऊन जर्मन माल बंद झाला. भाव एकदम चढले आणि कोठ्यांनीं नीळ पुन्हा वाढविली. मोकळीक विकणारे आणि फिरून नीळ पेरावयास लावणारे हे एकाच जिल्ह्यांतले एकाच वर्गाचे लोक होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे 1916 च्या डिसेंबरांत लखनौच्या काँग्रेसमध्यें राजकुमार शुक्ल नांवाचा शेतकरी गांधीजींच्या पाठीस इतका कां लागला हें समजतें. तेजी फार टिकणारी नव्हती. इंग्लंडांत एलेस्मिअर पोर्ट येथील हेक्स्टचा कारखाना लेविन्स्टाइन यानें 1916 सालीं घेतला व अमेरिकेंत डाउ कंपनीनें 1917 सालीं कृत्रिम नीळ काढली. म्हणजे जर्मनी बंद झाला तरी जर्मनीची रीत बंद झाली नाहीं.

गांधीजी 15 एप्रिल 1917 रोजीं मोतीहारीस पोंचले. पुढील हकीकत, हजारों रयतेच्या लिहून घेतलेल्या जबान्या, व्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद, कृपलानी इत्यादिकांचें साह्य, हें सर्व राजेंद्रबाबूंच्या ग्रंथांत सविस्तर आहे. महाराष्ट्रानें ह्या प्रसंगास जीं माणसें दिलीं त्यांचा मात्र इकडे विसर पडलेला दिसतो. 1917 च्या नोव्हेंबरापासून तेथें ज्या खेडेशाळा उघडल्या त्यांत मुंबईहून अवंतिकाबाई गोखले व त्यांचे पति बबनराव, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन, बेळगांवकडून सोमण व पुंडलीक हीं मंडळी गेलीं, आणि भारतसेवक समाजाचे डॉ. देव यांनीं औषधपाण्याचें काम पाहिलें. अवंतिकाबाईंनीं परत आल्यावर 1918 सालीं गांधीजींचें मराठी चरित्र लिहिलें व त्यास टिळकांची प्रस्तावना आहे. निळीचे ओसाड होत चाललेले हौद ह्या मंडळींनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिले असले पाहिजेत.

सरकारनें फ्रँक स्लाय यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमलें व गांधीजी त्याचे सभासद होते. हें मंडळ काम करीत असतांच 20 ऑगस्ट 1917 रोजीं स्टार्नबर्ग येथें आडोल्फ बायर वारला. वर्तमानपत्रांतून त्याच्या निळीचा गौरव झाला असेल. चंपारणचें नांव त्यानें ऐकलें असण्याचा संभव नाहीं. त्यास दोष देण्याचें कारणही नाहीं. त्यानें नीळ जोडली. तिच्या जुन्या अटी रयतेच्या गळ्यांत बांधण्याचें काम दुसऱ्यांनीं केलें. रसायनशास्त्रानें हिंदी शेतकऱ्याचा घास हिरावला असें जे सरसकट लिहितात त्यांनीं निदान चंपारणपुरता हा जमाखर्च तपासावा. मजुरांची रोजी गेली हें खरें, आणि तें दुःख लहान नव्हे. परंतु कुळाचा तोटा रासायनिक नव्हता, दस्तऐवजी होता.

तसेंच, नवीन विद्या आपोआप न्याय करते असें मानणाऱ्यांनींही हेच कागद पाहावे. ब्रुंकनें 1900 सालच्या त्याच व्याख्यानांत, निळीखालची जमीन आतां अन्नधान्यास मोकळी होईल असा आशावाद प्रकट केला होता. जमीन मोकळी झाली. पण मोकळी करण्याची फी लागली.

रसायनाचा तपशील ज्यांस पाहिजे त्यांनीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले हिंदी संचालक डॉ. वेंकटरामन यांनीं कृत्रिम रंगांच्या रसायनावर 1952 पासून प्रसिद्ध केलेले खंड पाहावे. इतिहासाभ्यासूंस आमची विनंति निराळी आहे. आज जगांत जी नीळ खपते ती बहुतेक सर्व कारखान्यांतली असून तिचा मोठा भाग जीनच्या विजारी रंगविण्यांत जातो. त्या दृष्टीनें हा विषय मृत नाहीं. परंतु शरहबेशीचे नोंदलेले करार, तावानाच्या हँडनोटी, आणि 1917 च्या जबान्या ह्यांचा निळीच्या त्या त्या वर्षाच्या भावाशीं तारीखवार मेळ घालून पाहण्याचें काम झालें पाहिजे. कराराची तारीख व बाजारभाव शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे कोणता कागद रयतेच्या विनंतीवरून झाला आणि कोणता कोठीच्या गरजेवरून, हें सांगण्यास साक्षीदार लागणार नाहीं.

चौकशीमंडळाचा अहवाल 1917 च्या ऑक्टोबरांत झाला व त्याप्रमाणें 1918 चा चंपारण शेतकी कायदा झाला. तिनकठिया कायद्यानें बंद झाली. घेतलेल्या तावानापैकीं शेंकडा 25 परत द्यावें असें ठरलें. शरहबेशीची वाढ तुर्कौलिया कोठीच्या बाबतींत शेंकडा 20 व मोतीहारी आणि पिप्रा यांच्या बाबतींत शेंकडा 26 कमी करण्यांत आली. उरलेली वाढ, म्हणजे शेंकडा 80 व 74, रयतेच्या खंडांत तशीच राहिली.